पाडवा ते पाडवा

उतारवयातल्या नामांकित खेळाडूशी लांब मुदतीचा करार करावा की करू नये, या प्रश्नानं जालन्यात कुणाची झोप उडत असेल असं तुम्हाला वाटणार नाही. आमच्याकडे झोप उडते ती पाण्याच्या टँकरपायी, नाहीतर मोसंबीच्या भावापायी. पण आयपीएलचे संघ कुणाला ठेवणार आणि कुणाला सोडणार याच्या याद्या निघाल्या, की आमचे मेहुणे घरी येतात आणि दोन कप चहात तीन तास भांडतात.

"दाजी, रोहितला मुंबईनं पाच वर्षांचं एकदम लिहून द्यायला पाहिजे. आपला माणूस आहे!"

आता रोहित आपला माणूस आहे याबद्दल वाद नाही. पण आपला माणूस म्हटलं की हिशेबाची वही मिटायची, ही जी आपली रीत आहे ना, तिच्याशी माझं भांडण आहे. पुतण्या आपला माणूस म्हणून दुकानाच्या गल्ल्यावर बसवायचा आणि दिवाळीत गल्ला का भरत नाही म्हणून ज्योतिषाकडे जायचं, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या जिल्ह्यात मोसंबी पिकते. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. (मानांकनानं भाव वाढतो असं ऐकतो, अजून वाट पाहतो आहोत.) तर बाग विकत घ्यायला बागवान येतो तेव्हा काय करतो? झाडाझाडातून फिरतो, फळ दाबून पाहतो, खोडाला डिंक्या लागलाय का ते वाकून बघतो, आणि मग सौदा करतो. कशाचा? त्या एका बहाराचा! आंबे बहार तर आंबे बहार, मृग तर मृग. "तुमच्या आजोबांच्या वेळी ही बाग काय धरायची!" असं तो कौतुकानं म्हणतो, चहा पितो, पण आजोबांच्या वेळच्या फळांचे पैसे देत नाही. पंचवीस वर्षांच्या बागेचा पाच वर्षांचा गुत्ता एकदम विसार देऊन घेणारा बागवान मी अजून पाहिलेला नाही. सालगड्याचंही तेच. पाडव्याला साल ठरतं, पुढच्या पाडव्याला पुन्हा बोलणं. गडी कितीही कष्टाळू असो, मालक कितीही मायाळू असो. म्हणजे शेतात राबणाऱ्याला एक साल आणि चेंडूमागे धावणाऱ्याला पाच!

याला मेहुण्यांचं उत्तर ठरलेलं असतं: धोनी. २०२३ साली एकेचाळिसाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यानं, त्यानं चेन्नईला चषक जिंकून दिला की नाही? दिला. म्हणून तर मी वयाच्या विरुद्ध बोलतच नाही, मुदतीच्या विरुद्ध बोलतो. आणि धोनीचेच आकडे पाहा ना. २०१८ साली चेन्नईनं त्याला १५ कोटींना ठेवला, २०२२ साली १२ कोटींना, २०२५ साली ४ कोटींना. याला म्हणतात बाग पाहून भाव करणं! इतकं करूनही २०२५ साली तो एका सामन्यात अश्विनच्याही मागून, नवव्या क्रमांकावर फलंदाजीला आला, आणि हंगामाच्या शेवटी चेन्नई दहा संघांत दहावी. भाव उतरवला तरी खुर्ची अडतेच. भाव न उतरवता पाच वर्षांची खुर्ची लिहून दिली असती तर?

तर काय होतं ते अमेरिकेत होऊन गेलं आहे. तिकडे बास्केटबॉलमध्ये कोबी ब्रायंट नावाचा थोर खेळाडू होता. (मेहुण्यांना आधी ती भाजी वाटली.) २०२० साली अपघातात गेला, त्याच्या खेळाबद्दल वाकडा शब्द काढण्याची माझी प्राज्ञा नाही. पण २०१३च्या नोव्हेंबरात, पस्तिसाव्या वर्षी, टाचेची शीर तुटलेली असताना आणि तो अजून मैदानात परतलेला नसताना, लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघानं त्याला आणखी दोन वर्षांचे ४ कोटी ८५ लाख डॉलर लिहून दिले. डिसेंबरात तो परतला, सहा सामने खेळला आणि गुडघा मोडून बसला. पुढे ८२ सामन्यांच्या हंगामात लेकर्सनी जिंकले २७, मग २१, मग १७. उतरती भाजणी! तिथे संघाच्या पगारावर कमाल मर्यादा असते. एकाच्या ताटात जास्त वाढलं की बाकीच्यांच्या ताटात लोणचं तेवढं उरतं. शेवटच्या सामन्यात त्यानं एकट्यानं ६० गुण केले. मेहुणे म्हणाले, "बघा!" मी म्हटलं, अरे, विझण्याआधी वात मोठी होते, त्या उजेडात कुणी वर्षभराचा स्वयंपाक करत नाही.

आणि अमेरिकेत तरी कशाला जायचं? आपल्या मुंबईच्या कबड्डी संघाकडे, यू मुंबाकडे, पहिली पाच पर्वं अनुप कुमार कप्तान होता. काय शांत डोक्याचा चढाईपटू! बोनस कसा घ्यावा ते त्याच्याकडून शिकावं. २०१५चं विजेतेपद त्यानं आणलं. पण पुढे दोन पर्वं संघ बाद फेरीपर्यंतही पोचला नाही, आणि २०१८ साली यू मुंबानं त्याला सोडला. मेहुणे त्या दिवशी जेवले नाहीत. कृतघ्नपणा, म्हणाले. जयपूरनं त्याला ३० लाखांना घेतला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात अनुपनं स्वतःच निवृत्ती जाहीर केली. मे महिन्यात तीन वर्षांचा करार झाला असता तर पुढची अडीच वर्षं यू मुंबानं कोणाच्या नावानं शिट्टी वाजवली असती?

झालं काय, तर त्याच लिलावात त्यांनी ३६ लाख ४० हजारांना सिद्धार्थ देसाई नावाचा पोरगा घेतला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला. नाव कुणी ऐकलं नव्हतं. पहिल्याच पर्वात त्यानं चढायांचे २१८ गुण लुटले, यू मुंबा बाद फेरीत गेली, आणि दुसऱ्या वर्षी तेलुगू टायटन्सनी त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. पुढे त्याचाही खांदा दुखावला, हे मेहुणे आवर्जून सांगतात. दुखावला खरा. पण बारा-तेरा वर्षांच्या झाडाची फांदी मोडणं वेगळं आणि खोडच पोकळ होणं वेगळं.

मला राग येतो तो इथे. जालन्यासारख्या गावाला माहीत असतं की संघात जागा मोजक्याच असतात. आमच्या विजय झोलनं १९ वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या, तेव्हा कुठे पेपरवाल्यांनी नकाशात जालना शोधलं. मग २०१४ साली तो त्या वयोगटाच्या विश्वचषकात भारताचा कप्तान झाला. चारशे एक्कावन्न! लहान गावातल्या पोराला दार किलकिलं व्हायला एवढं करावं लागतं, आणि आत खुर्चीवर कुणीतरी २०११च्या पुण्याईवर बसलेला असतो. त्या पोराच्या बापानं शेतातला बोअर सोडून किटसाठी पैसे घातलेले असतात हो! त्यानं कोणाकडे कृतघ्नपणाची तक्रार करायची?

कृतज्ञता पाहिजेच. शाल द्या, श्रीफळ द्या, मैदानाच्या एका बाजूला नाव द्या, पोरांना शिकवायला ठेवा आणि त्याचा वेगळा पगार द्या. पण तो खर्च सत्काराच्या खात्यात दाखवा, बियाण्याच्या नको. आणि ज्याच्या अंगात अजून बहार आहे, त्याला पाडव्याला बोलवा, समोर बसवून विचारा, "काय दादा, यंदा साल धरायचं का?"

हे सगळं ऐकून मेहुणे दुसरा कप संपवतात आणि विचारतात, "पण दाजी, रोहितला सांगायचं कुणी?"