द्राक्षाला न्याय, कांद्याला का नाही?

निर्यातीतील स्पर्धा केवळ मालाची प्रत व किंमत यांवर चालत नाही. माल ठरल्या वेळी पोचेल या भरवशावरही ती चालते. नाशिक जिल्हा याचे बोलके उदाहरण होय. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी २००६ साली ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय नोंदपद्धती सुरू झाली. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेतील तपासणी व प्रमाणपत्रे एका साखळीत गुंफली गेली. नाशवंत मालाच्या बाबतीत वाचलेला प्रत्येक दिवस म्हणजे वाचलेला पैसाच.

त्याच जिल्ह्यातील कांद्याची कहाणी मात्र निराळी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आले, डिसेंबरमध्ये बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तरी शुल्क पूर्णपणे हटण्यास १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. शहरी ग्राहकाला कांदा परवडावा, हा हेतू गैर म्हणता येणार नाही. तथापि परदेशी ग्राहक खोळंबून राहत नाही. तो दुसऱ्या देशाकडे वळतो. धोरणाचाच नेम नसेल, तर सुटसुटीत अर्जांचे मोल ते काय? निर्बंध अटळच असतील, तर ते पूर्वसूचनेने व ठरावीक मुदतीसाठी असावेत. द्राक्षाला लाभलेली निश्चिती कांद्यालाही मिळावयास हवी.