माळ म्हणजे पडीक नव्हे

सरकारी दफ्तरात एखाद्या जमिनीपुढे 'पडीक' हा शब्द एकदा उमटला की तिचे भवितव्य ठरून जाते. तेथे चर खणले जातात, खड्डे पाडले जातात आणि गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली जातात. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात कोटी कोटी रोपे लावण्याचे संकल्प सोडले गेले. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या माळावर झाड नाही त्या माळावर काहीच नाही, ही त्यामागची समजूत मात्र तपासून पाहिली पाहिजे.

गवत माळावर वाटेल तसे उगवत नाही. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशातील गवताळ आच्छादनाची जी पाहणी १९७३ साली प्रसिद्ध केली, तीत पाच प्रमुख प्रकार सांगितले आहेत. दख्खनचा माळ त्यांपैकी शेडा-मारवेल या प्रकारात मोडतो. मुरमाड उतारावर शेडा आणि खाली सपाटीच्या काळसर मातीत मारवेल, अशी ही विभागणी असते. चराई प्रमाणाबाहेर गेली की ही बारमाही, सकस गवते हटतात आणि त्यांची जागा कुसळी घेते. तरीही हात आखडला नाही तर जनावर तोंड लावणार नाही असे निकृष्ट गवत माजते. पावसाळ्यात दुरून पाहणाऱ्याला माळ पूर्वीइतकाच हिरवा दिसतो. फरक कळतो तो धनगराला आणि त्याच्या मेंढीला.

अनेक जाती एकत्र नांदण्याचा उत्पादनाशी संबंध काय, याचे उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात शोधले गेले. डेव्हिड टिल्मन यांनी तेथे १९९४ पासून शेकडाच्या वर वाफ्यांत एकापासून सोळापर्यंत जाती लावून पाहिल्या. जाती जितक्या अधिक, तितके उत्पन्न सरासरीने अधिक, असे आढळले. कोणाची मुळे उथळ, कोणाची खोल. कोणी लवकर वाढते, कोणी उशिरा. शेंगवर्गीय वनस्पती नत्राची भर घालतात. त्याआधी, १९८८ च्या दुष्काळातही, जातींनी समृद्ध असलेल्या वाफ्यांचे नुकसान तुलनेने कमी झाले होते. तेथील हवामान आपले नव्हे, हे खरे. पण दर चार-दोन वर्षांनी पाऊस दगा देणाऱ्या सोलापूरकडील माळाला या निष्कर्षाचे मोल अधिकच वाटावे.

चर खणणाऱ्या यंत्राला यातले काही ठाऊक नसते. ते मुरूम वर आणते आणि वर्षानुवर्षे रुजलेले गवताचे ठोंब उलटे पाडते. त्यावर वाढणारी सावली उन्हावर जगणाऱ्या गवताला मानवत नाही. माळढोकासाठी १९७९ साली नान्नज परिसरात अभयारण्य झाले. त्या पक्ष्यालाही झाडी नको होती, उघडा माळ हवा होता.

कुंपण घालून गुरांना कायमची बंदी करावी, असे काहींचे म्हणणे आहे. त्यात धनगराचा विचार नाही, आणि गवताचाही पुरता नाही. गायरानाचे भाग पाडून पाळीपाळीने विसावा दिला तर दोघांचेही भागते. येत्या हंगामात खड्डा खणण्यापूर्वी त्या जागी कोणते गवत उभे आहे, याची नोंद घेणे वनखात्याला आणि ग्रामपंचायतीला बंधनकारक करावे. आणि जेथे शेडा वा मारवेल टिकून असेल तेथे कुदळ लावू नये.