बांध सरकला की नकाशा?



हल्ली गटाचा नकाशा घरबसल्या पाहता येतो. घरातला शिकलेला पोरगा तो संगणकावर उपग्रहाच्या चित्रावर बसवतो आणि म्हणतो, "आबा, आपली विहीर तर शेजाऱ्याच्या गटात दिसतेय!" झाले. इतकी वर्षे सुखाने नांदलेल्या दोन घरांत त्या दिवसापासून बोलणे बंद. पाटोद्यासारख्या कमी पावसाच्या तालुक्यात विहीर म्हणजे जीव. म्हणून कुदळ उचलण्याआधी हे चार शब्द वाचा. बहुतेक वेळा बांध जागेवरच असतो, नकाशा सरकलेला असतो.

नकाशांचे थर एकावर एक ठेवणाऱ्या या संगणकी सोयीला जीआयएस म्हणतात. तिच्यात चूक शोधायची तर आधी चूक कशी दिसते ते पाहावे.

जागा भलतीकडेच गेली असेल तर आकडे तपासा. पाटोदा सुमारे १८ अंश ४८ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. अंशाची मिनिटे ६०, म्हणून दशांशात हा आकडा १८.८० होतो. कोणी १८.४८ लिहिले, तर गाव तब्बल ३५ किलोमीटर दक्षिणेला जाते! अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली, तर पाटोदा नॉर्वेच्याही उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाऊन पडते. आणि दोन्ही रकाने शून्य राहिले, तर आफ्रिकेच्या पश्चिमेच्या समुद्रात.

सगळा नकाशा एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकला असेल तर मोजणीचा पाया वेगळा आहे. १८०२ मध्ये लॅम्बटन साहेबाने मद्रासेजवळून देशाची मोठी मोजणी सुरू केली. १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला आणि काम एव्हरेस्ट साहेबाकडे गेले. पृथ्वीचा गोल केवढा व कसा, याचे एव्हरेस्टने १८३० मध्ये जे माप धरले, त्यावर सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे बेतलेले आहेत. मोबाइल व उपग्रह मात्र १९८४ चे माप धरतात. दोन्हींत आपल्याकडे सुमारे शे-दीडशे मीटरचा फरक पडतो. चौरस एकराची बाजू ६४ मीटरच्या आसपास असते, म्हणजे अख्खे रान शेजारी जाते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांसाठीचे नकाशे नव्या मापावर निघू लागले. पण जुना कागद हाती असेल, तर तो कोणत्या मापाचा ते आधी वाचा.

जागा बरोबर, पण क्षेत्र जास्त भरत असेल तर दोष प्रक्षेपणाचा. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना कुठेतरी ताण पडतोच. मोबाइलवरच्या नकाशांच्या नेहमीच्या चौकटीत विषुववृत्तापासून दूर जावे तसे सगळे फुगत जाते. त्या चौकटीत सरळ मोजले, तर पाटोद्यात ४० गुंठे सुमारे ४५ गुंठे दिसतात! हे वाढीव पाच गुंठे कोणाच्या बापाचे नाहीत. क्षेत्र मोजायचे तर पट्टा ४३ उत्तर निवडावा. संगणकात त्याचा क्रमांक ३२६४३ आहे. ७२ ते ७८ अंश रेखांशांमधला मुलूख या पट्ट्यात येतो. नागपूर मात्र ४४ व्या पट्ट्यात जाते.

इथे पोरे हमखास एक चूक करतात. नकाशाचे रूपांतर करण्याऐवजी नुसते त्याचे नाव बदलतात. पोत्यावरची चिठ्ठी बदलल्याने ज्वारीचा गहू होत नाही. आधी नकाशा मुळात ज्या पद्धतीचा आहे तेच नाव त्याला द्यावे, मग नव्या पद्धतीत रूपांतर करून वेगळा ठेवावा.

एका कोपऱ्यात जुळतो आणि दुसऱ्यात नाही, असे असेल तर गावाच्या जुन्या नकाशाकडे पाहा. तो ३३ फुटी साखळीच्या हिशेबाचा. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्या नकाशावर अक्षांश-रेखांश नसतात, आणि जुना कागद घडीवर ताणला-आकसलेला असतो. तो बसवताना निदान चार-पाच पक्क्या खुणा घ्याव्यात: तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, जुनी विहीर, देऊळ, रस्त्याचा फाटा. खुणा गावाच्या चारी बाजूंना असाव्यात, एकाच कोपऱ्यात नकोत. एक खूण तपासणीसाठी बाजूला राखून ठेवावी. ती जुळली तर बाकीच्यावर भरवसा ठेवावा.

एवढे करूनही मोबाइल मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटर चुकू शकतो, आणि आपले भांडण असते हातभर बांधाचे! म्हणून त्यावरून बांध कोरू नका, दगड हलवू नका. शंका राहिलीच तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यालाही हजर राहू द्या, खुणा दोघांदेखत होऊ द्या आणि मोजणी नकाशाची प्रत सातबाऱ्याबरोबर जपून ठेवा.

तोवर शेजाऱ्याकडे जाऊन चहा घ्या. नकाशा दुरुस्त करता येतो, तुटलेले मन जोडायला फार वर्षे लागतात.