विहिरीतला बेडूक लाटेवर

ऑफिसात कुणी ‘स्विमिंग येतं का रे?’ असं विचारलं की माझी कॉलर आपोआप ताठ होते. इंदापूर तालुक्यातला माणूस आहे मी, राव! तुम्ही लोक क्लबची फी भरून, गॉगल लावून पोहायला शिकलात. मी शिकलो आमच्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. आबा काठावर बसायचे, दोरी ओढून बघायचे आणि काही कळायच्या आत ढकलून द्यायचे. चार दिवस गटांगळ्या खाल्ल्या, पाचव्या दिवशी डबा सुटला. पुढच्या उन्हाळ्यात मी थेट काठावरून सूर मारत होतो.

त्यामुळे गेल्या डिसेंबरात आमच्या गँगनं गोव्यात अश्व्याच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकायचा प्लॅन केला, तेव्हा टेन्शन बाकीच्यांना होतं. मला नव्हतं. आता सर्फिंग काही परदेशी सिनेमातलं राहिलेलं नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, ते पहिल्यांदा खेळलं गेलं. आपल्याकडे मुल्की, कोवलम, गोवा अशा ठिकाणी ते रीतसर शिकवतात. आणि आपण तर विहिरीतले चॅम्पियन!

पहिला तास पाण्यात पायसुद्धा घालू दिला नाही. वाळूवर पालथं पडा, तळवे छातीशी टेकवा, एका झटक्यात उभे राहा. चाळीसएक वेळा. डेस्कवर बसून बसून कमरेचं काय झालंय ते त्या दिवशी समजलं. मग पडायचं कसं, याचा धडा. हो, पडायचं कसं! लाटेत सूर मारायचा नाही, कारण खाली कंबरभरच पाणी असतं आणि मान तिथेच मोडते. अंग पसरून, आडवं पडायचं. वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरायचे, कारण तुमचाच बोर्ड तुमची वाट बघत असतो. बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मधे कधीच आडवा धरायचा नाही. लाट तो उचलून सरळ तुमच्या तोंडावर आणते. आमच्यातल्या एकाने हे ऐकलं नाही. त्याचे पुढचे सगळे फोटो सुजलेल्या ओठाचे आहेत.

शिकाऊ माणसाला मऊ फोमचा, आठ-नऊ फुटी बोर्ड देतात आणि तो एका दोरीनं मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात. ती दोरी बघून मी हसलोच. म्हटलं, परत डबा!

दुसऱ्या दिवशी मी उभा राहिलो. पुरते चार सेकंद. मग नेहमीचंच झालं, शहाणपण अंगात आलं. फुटणाऱ्या लाटांमधून बोर्ड ढकलत जायचा कंटाळा आला होता. जरा बाजूला पाहिलं तर एक पट्टा छान शांत होता. तिथे लाट फुटत नव्हती, पाणी थोडं गडद. विहिरीवाल्याला शांत पाणी म्हणजे घरचं पाणी. मी खुशाल तिकडे वळलो.

दोन मिनिटांनी मागे पाहिलं, तर आमच्या गँगमधलं कोण कुठलं तेही ओळखू येईना.

त्याला रिप करंट म्हणतात. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि अशा पट्ट्यातून समुद्राकडे वाहतं. म्हणूनच तिथे लाट फुटत नाही. मी काय केलं? पठ्ठ्यानं किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारले. होतो तिथेच. बोर्ड अडतोय असं वाटलं आणि माझा हात चक्क घोट्याच्या पट्ट्याकडे गेला. सोडून टाकू, मोकळं पोहू! आणि हात वर करून मदत मागायची? ऑफिसच्या पोरींसमोर?

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. इन्स्ट्रक्टर खुणेनं सांगत होता: बोर्डावर आडवा पड, किनाऱ्याकडे नाही, किनाऱ्याला समांतर चल. वीस-पंचवीस हात मारले असतील, तोच पुन्हा फेसाळ लाटा लागल्या आणि ज्यांना मी टाळत होतो त्यांनीच मला ढकलत वाळूवर आणून टाकलं. तो फार बोलला नाही. बोर्ड सोडू नकोस आणि हात वर कर, एवढंच. दम लागेपर्यंत वाट बघायची नाही, असंही.

खरं तर मला हे कळायला हवं होतं. बारामतीत शाळेला होतो तेव्हा नीरा डावा कालवा रोजच्या वाटेवर होता. पाटाला पाणी सुटलं की वरून काचेसारखं सपाट दिसायचं आणि आबांचा हुकूम असायचा: विहिरीत हवं तेवढं पोहा, पाटात पाय घालायचा नाही. आणि आमची उजनी? २१ मे २०२४ ला कळाशी आणि कुगावच्या मधे वादळी वाऱ्यात बोट उलटली, सहा माणसं गेली. एक पोलिस अधिकारी तेवढा पोहत काठाला आला. आमच्याकडे आठवडाभर सगळे त्याच्या पोहण्याबद्दलच बोलत होते. मीही त्यातलाच. बोटीत चढताना अंगात जॅकेट घालावं, हे तेव्हा माझ्या एकदाही तोंडून निघालं नाही.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळा सोडून जा. लाइफगार्डचे लाल-पिवळे झेंडे लागलेले असतील त्यांच्या मधेच पोहा, लाल दिसला तर काठावर चहा प्या. आणि ‘पोहता येतं’ हे क्लासवाल्याला सांगताना कशात शिकलात तेही सांगा. मी सांगितलं नव्हतं.

रात्री घरी फोन केला. रिपचं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून नुसतं बोर्डाचं आणि दोरीचं वर्णन केलं. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“दोरी पायाला बांधली व्हय?”

“हो आबा. घोट्याला.”

“आन् काठावर कोण बसलं होतं?”




मग मी सगळं सांगितलं.