शेजारी ओळखण्याची साधना

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे; वसंत परांजपे हे नाव मात्र थोड्यांनाच. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली चीनला गेले, जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. परांजपे पेकिंगमध्ये चिनी भाषा शिकले आणि १९५४ साली नेहरू-माओ भेटीत दुभाषी होते. कोटणीसांचा त्याग वंदनीयच. परंतु राष्ट्राला आज अधिक निकड आहे ती परांजप्यांसारख्या अभ्यासकांची.

१९५४ च्या एप्रिलमध्ये पंचशील करार झाला आणि २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्य भारतावर चालून आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे खरे. पण ती वेळ का आली? घोषणा ऐकल्या गेल्या, विचार वाचला गेला नाही.

तो विचार गूढ नाही. १८४२ च्या नानकिंग तहाने चीनला हाँगकाँग गमवावे लागले. त्या मानहानीतून आधुनिक चिनी राजकारण जन्मले. सन यत्-सेन यांनी राष्ट्रवाद, लोकसत्ता आणि लोकांची उपजीविका ही त्रिसूत्री मांडली. माओंनी शेतकऱ्यांच्या बळावर १९४९ मध्ये सत्ता घेतली. डेंग यांनी १९७८ पासून बाजारपेठेची दारे उघडली. २०१८ मध्ये अध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादाही घटनेतून काढून टाकण्यात आली. साधने बदलली, बलशाली राज्याचे ध्येय ढळले नाही.

या सातत्याने दिपून जाण्याचे मात्र कारण नाही. १९५८ नंतरच्या 'मोठ्या झेपे'त कोट्यवधी माणसे भुकेने मेली. १९८९ मध्ये तिआनआनमेन चौकात उतरलेल्या तरुणांवर सैन्य घातले गेले. प्रश्न विचारण्याची सोय नसलेल्या राज्यात चूक वेळेवर दुरुस्त होत नाही. भारताचे बळ नेमके तेथेच आहे.

म्हणून अनुकरण नको, अज्ञानही नको. जून २०२० मध्ये गलवानात २० जवानांनी प्राण वेचले, तेव्हा चिनी मालावर बहिष्काराच्या घोषणा झाल्या. संताप योग्यच होता. पण संताप म्हणजे धोरण नव्हे. मूळ कागद पाहिल्याविना निष्कर्ष काढू नये, ही इतिहासाचार्य राजवाड्यांची शिस्त. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ ज्या धुळ्यात १९२७ पासून उभे आहे, त्याच शहरात पांझरेपलीकडच्या देवपुरातील एखाद्या घरातून मुलाने वा मुलीने चिनी भाषा शिकण्याचे ठरविले, तर पालकांनी ते वेड समजू नये. तीही राष्ट्रसेवाच होय.