एकदा मुळापासून बांधून पाहा!

संगणकावर आपण तयार आज्ञावली वापरतो. ती बनली कशी, हे विचारत नाही. पवईच्या आय. आय. टी.त प्रा. उदय खेडकर यांनी ‘जीसीसी’ या संकलकाचे अंतरंग विद्यार्थ्यांना उलगडून दाखवले. माणसाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवतो तो संकलक. जीसीसीचे मूळ लेखन सर्वांना खुले आहे. ते घेऊन आधी ‘कॉन्फिगर’ आणि मग ‘मेक’ ही आज्ञा द्यायची. ‘मेक’ हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत घडवले. फाईल केव्हा बदलली ते पाहून, बदललेला भागच ते पुन्हा संकलित करते.

जीसीसी तर साधारणपणे स्वतःला तीनदा बांधतो: प्रथम जुन्या संकलकाने, मग त्यातून निघालेल्या नव्याने, आणि पुन्हा त्याहून नव्याने. शेवटच्या दोन्ही खेपांचे फळ जुळले तरच काम पुरे! गणितातला ताळा याहून निराळा आहे काय?

वेळ लागेल, चुकाही निघतील. पण त्या वाचूनच समज वाढते. म्हणून शिक्षकांना विनंती, वर्षातून एक तरी लहानशी आज्ञावली मुलांकडून मुळापासून बांधून घ्या. नुसता वापर शिकवून गिऱ्हाइके तयार होतील, कारागीर नव्हेत.