खापर कोणावर फोडायचं?

घरात काहीही मोडलं, फुटलं, तुटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. "कोणाच्या हातात होतं?" वस्तू किती वर्षांची होती, रोज तिचे काय हाल होत होते, हे कोणी विचारत नाही. हात सापडला की चौकशी संपली! त्या हाताचं म्हणणंही ठरलेलं, "मी काहीच केलं नाही हो, आपोआप फुटलं." त्यावर वडीलधाऱ्यांचं पेटंट वाक्य, "आपोआप कसं फुटेल?"

तर मंडळी, आजचा विषय हाच. आपोआप कसं फुटतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: बरेचदा तो हात खरं बोलत असतो.

मी मूळचा नंदुरबार जिल्ह्यातला, शहादा तालुक्यातला. (सध्या पुण्यात कीबोर्ड बडवतो.) आमच्या खानदेशात पुरणपोळी खरी ती खापरावरची. खापर म्हणजे मातीचं मोठं खोलगट भांडं. चुलीवर पालथं घालायचं, खाली लाकडांचा जाळ, आणि वर हातांवर फिरवत फिरवत मोठी केलेली ती अवाढव्य पोळी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि घरोघरी खापर चढतं. अशाच एका आखाजीला आमच्या नात्यातल्या एका घरी नव्या वहिनी पोळ्या टाकत होत्या आणि खापराला काठापासून मधोमध तडा गेला. आवाज 'टक्' एवढाच. खापर सात-आठ वर्षं वापरातलं, वहिनींना घरात येऊन तीन महिने. निकाल काय लागला हे सांगायला हवं का? कोणी ओरडलं वगैरे नाही. पण पुढची दोन वर्षं "हिच्या हातून खापर फुटलं होतं" हे आल्यागेल्याला हसत हसत सांगितलं जायचं, आणि वहिनी खाली मान घालून चहा गाळायच्या. म्हणजे खापर फुटलं, आणि ते फोडलंही त्यांच्यावरच!

आता त्या खापराच्या बाजूने जरा विचार करू. जाळ मध्यभागी, काठ त्यामानाने गार. मधला भाग फुगू पाहतो, काठ त्याला फुगू देत नाही. त्यात वरून ओलसर, गार पोळी पडते. प्रत्येक वेळी या ओढाताणीत मातीत कुठेतरी केसाएवढी भेग पडते किंवा आधीची किंचित पुढे सरकते. बाहेरून काहीच दिसत नाही. पोळ्या तशाच खरपूस. आणि मग एका सणाला ती भेग अशा लांबीला पोचते, की पुढे जायला तिला वेगळा धक्का लागत नाही. रोजचाच ताप पुरतो.

ही मंडळी माझ्या मनातून नाही निघाली. ए. ए. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९२१ साली काचेवरच्या प्रयोगांतून हे मांडलं. काच कागदावरच्या हिशोबाने जेवढी मजबूत हवी, त्याच्या कितीतरी कमी जोरात फुटते. का? तर तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात आणि सगळा ताण त्यांच्या टोकाशी गोळा होतो. भेग एका ठराविक लांबीच्या आत असेल तोवर सगळं ठीक. ती मर्यादा ओलांडली की भेग स्वतःच धावत सुटते. काचेच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. हवेतला दमटपणा भेगेच्या टोकाशी काच हळूहळू कुरतडत असतो. त्यामुळे आत ताण राहिलेलं काचेचं भांडं रात्री तीन वाजता कपाटात नुसतं बसल्या बसल्यासुद्धा तडकू शकतं. तेव्हा कोणाचा हात शोधणार?

पितळेची गोष्ट तर अस्सल आपल्याकडची आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. न झाडलेली, ठेवलेली काडतुसं! ती पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली असायची. आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजारातून हिंडताना जो झणझणीत वास नाकात जातो, तो अमोनियाचा. पितळ ठोकून-ताणून घडवलं की तो ताण आत कोंडून राहतो. त्याला अमोनिया आणि ओल मिळाली की पितळ तडकतं. याचा नीट उलगडा झाला तोही १९२१ सालीच. उपाय साधा निघाला: घडवल्यावर पितळ बेताने तापवायचं, म्हणजे आतला ताण निघून जातो. तोवर किती शिपायांनी "मी हात पण लावला नाही साहेब" म्हणून शिव्या खाल्ल्या असतील, देव जाणे.

बाकी घरातल्या वस्तूंची तऱ्हा थोडीफार अशीच. अंगणातली प्लॅस्टिकची खुर्ची घ्या. नंदुरबारचं मे महिन्यातलं ऊन, पारा ४२-४३ वर. उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकच्या लांबलचक साखळ्या तोडत राहतात. खुर्ची पांढुरकी पडते, हात फिरवला की पावडर लागते. पण उभी असते ना, मग चालतंय! एके दिवशी पाहुणे बसतात, पाय मोडतो, आणि पाहुण्यांच्या वजनावर वर्षभर विनोद होतात. पाहुण्यांचं वजन दहा वर्षं तेवढंच आहे हो!

लग्नकार्यासाठी जपून ठेवलेले बूट घ्या. चार-पाच वर्षांनी घातले तर मांडवात पोचेपर्यंत तळवा पिठासारखा गळतो. पॉलियुरेथेनचे तळवे हवेतल्या बाष्पाने आतून सुटत जातात. 'वापरलं नाही म्हणजे टिकलं' असं त्यात नसतं. टीव्हीतला, एलईडी दिव्यातला तो छोटा डबीसारखा कपॅसिटर घ्या. त्याचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं तर आयुष्य निम्मं. म्हणजे एकच दिवा पुण्यात टिकेल तेवढा आमच्याकडे टिकणार नाही, बटण कोणीही दाबो.

आणि लोखंड? तेही थकतं. ८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि ५० हून अधिक माणसं गेली. पुढे जर्मनीत वोलर नावाच्या रेल्वे इंजिनिअरने वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून दाखवून दिलं, की एका वेळी सहज पेलता येईल असं ओझंसुद्धा लाखो वेळा पडलं तर पोलाद मोडतं. तुमच्या मोबाईल चार्जरची वायर मुळाशी तुटते, ती याच घराण्यातली.

आमच्या धंद्यात तर कोडला गंज लागत नाही, ऊन लागत नाही. तरी तेच. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धहरान. अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा सलग १०० तास चालू होती. वेळ मोजण्यातली अगदी बारीक चूक साचत साचत ०.३४ सेकंदांवर गेली. समोरून आलेलं स्कड क्षेपणास्त्र तिला धरता आलं नाही, २८ सैनिक मेले. शेवटच्या क्षणी कोणी काहीही 'केलं' नव्हतं. गिट नावाच्या आमच्या हत्यारात तर एक कमांडच आहे, ब्लेम! कोडच्या कुठल्या ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला, ते सांगते. उपयोगी आहे, नाही कशाला म्हणू. पण शेवटचा हात म्हणजे कारण नव्हे, हे शिकायला आमच्या धंद्याला बरीच वर्षं लागली. आता चांगल्या टीममध्ये सिस्टिम पडली की आधी 'काय झालं' ते लिहितात, 'कोणी केलं' हे नाही. नाहीतर पुढच्या वेळी लोक बिघाड लपवतात.

आणि हीच मंडळी (म्हणजे आपणच!) संध्याकाळी घरी येऊन काय करतात? भांडी घासताना काचेचा बोल फुटला म्हणून मावशींच्या पगारातून दोनशे रुपये कापतात. तो बोल दोन वर्षं फ्रीजमधून मायक्रोवेव्हमध्ये गेलाय, तारेच्या घासणीने रोज ओरखडे खाल्लेत. बोल आपला, घासणी आपण आणलेली, मायक्रोवेव्ह आपला. मावशींचा फक्त हात! ऑफिसात 'ब्लेम नको' आणि घरात पगार कापायचा, हे मला पटत नाही. ज्याच्या हातात वस्तू सगळ्यात जास्त वेळ असते तो घरात बहुधा सगळ्यात खालच्या पायरीवरचा असतो. नवी सून, कामवाल्या मावशी, टपरीवरचा पोऱ्या. म्हणून मोडण्याचा हिशोब कायम त्यांच्याच नावावर लागतो.

कोणी म्हणेल, मग निष्काळजीपणा नावाची गोष्टच नाही का? आहे ना. हातातून पडून फुटलं तर ते पडून फुटलं, त्यात ग्रिफिथला मध्ये आणायचं कारण नाही. पण नेहमीसारखंच वापरताना मोडलं, तर प्रश्न हाताला नाही, वस्तूच्या वयाला विचारायचा.

त्याची रीत आपल्याला माहीतही आहे. आठवडे बाजारात माठ किंवा खापर घेताना बायका बोटाच्या पेराने टकटक करून बघतात. 'टण्ण' वाजलं तर घ्यायचं, 'बद्द' वाजलं तर आत भेग आहे, परत ठेवायचं. किती छान टेस्टिंग! फक्त ते खरेदीच्या दिवशी होतं आणि पुन्हा कधीच नाही. माझं म्हणणं एवढंच, की दर आखाजीला खापर चढवण्याआधी एकदा वाजवून बघा. बाकीच्या वस्तूंचंही तसंच. खुर्चीवर हात फिरवा, पावडर येतेय का बघा. कुकरचं हँडल हलवून बघा.

आणि काही गोष्टींत तर वाट बघून चालतच नाही. गॅसची रबरी नळी साधारण ५ वर्षांनी बदलायची असते, वरून कितीही ठणठणीत दिसो. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए ते डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं पुढे. त्या तिमाहीपर्यंत त्या टाकीची पुन्हा तपासणी व्हायला हवी. तारीख उलटलेली टाकी आली तर घ्यायची नाही, बदलून मागायची.

असो, रविवार आहे, फार ताणत नाही. चहा ठेवायला उठाल तेव्हा ओट्याखाली वाकून नळीवरची तारीख तेवढी वाचा. आणि पुढच्या वेळी स्वयंपाकघरातून 'टक्' आवाज आला, तर आधी विचारा, "लागलं नाही ना?"